बिनछपराची मोटार

सन २०२५ च्या चैत्रात, आंबा उतरविण्याची धांदल ऐन भरात असता, रत्नागिरीस आमच्या घरी एक छायाचित्र येऊन पोचले. पत्र लिहिण्याची चाल आता मोडली आहे. छायाचित्र येते आणि त्यातील मजकूर ज्याचा त्याने समजून घ्यावयाचा असतो. माझा पुतण्या जर्मनीत स्टुटगार्ट येथे अभियंता आहे. चित्रात तो एका लहानशा, पिवळ्या रंगाच्या, दोनच माणसांच्या मोटारीत बसला होता. मोटारीस छप्पर नव्हते. खाली एवढेच लिहिले होते : ‘बाबा, काका, घेतली एकदाची. येत्या आश्विनात हिला तीस वर्षे पुरी होतील.’

माझ्या धाकट्या भावाने चित्र पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि तो म्हणाला, “दादा, इकडे वाशांना वाळवी लागली आहे, पावसात माजघरात पातेली मांडावी लागतात, आणि चिरंजीवांनी मोटार घेतली ती बिनछपराची!”

वाक्य विनोदी होते, पण बोलणारा हसत नव्हता. मोटारीस सात हजार युरो पडले होते, म्हणजे आपल्या हिशेबाने सात लाखांच्या घरात. घराचे छप्पर पुरते उतरवून, वासे व रिपा बदलून, पुन्हा कौले चढविण्यास सुताराने व गवंड्याने मिळून जो आकडा सांगितला होता, तो याच्याच आसपासचा होता. दोन आकडे असे शेजारी शेजारी येऊन बसले म्हणजे माणसास न्यायाधीश झाल्यावाचून राहवत नाही. त्या रात्री मीही झालो, आणि निकाल भावाच्या बाजूने दिला. पुढे काही महिने तो निकाल मनात घोळत राहिला आणि हळूहळू त्यातील एकेक कलम गळू लागले. ते कसे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. प्रश्न एका कुटुंबातला असला तरी त्याच्या पोटात जो नैतिक प्रश्न आहे तो बहुतेक घरांत आहे : जुनी वस्तू जपणे हे कर्तव्य केव्हा असते, हौस केव्हा असते, आणि हौसेखातर कर्तव्य मागे पडले तर दोष कोणास लावावा?

प्रथम ती मोटार म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. तिचे नाव ‘फियाट बार्केत्ता’. इटालियन भाषेत बार्केत्ता म्हणजे लहानशी होडी. १९४८ साली तुरीनच्या प्रदर्शनात फेरारीची एक उघडी शर्यतीची मोटार पाहून एका वृत्तपत्रकाराने तिला हे नाव दिले असे सांगतात. तेव्हापासून उघड्या, दोन आसनी, चपळ मोटारींची ती एक जातच झाली. फियाटने हे नाव १९९५ साली आपल्या नव्या मोटारीस दिले. तिचे इंजिन १७४७ घनसेंटिमीटरांचे, शक्ती सुमारे १३० अश्वांची, वजन टनाहून थोडेसेच अधिक. तुरीनजवळ किवास्सो येथे मॅजिओरा नावाच्या कारागिरांच्या कारखान्यात ती तयार होई. ते लोक बुडाले, २००२ साली काम थांबले, मग फियाटने आपल्याच कारखान्यात थोडे दिवस ती काढली, आणि २००५ साली तिचा वंश खुंटला. एकंदर सुमारे ५७ हजार मोटारी निघाल्या, त्या साऱ्या डाव्या सुकाणूच्या. दाराची चकचकीत मूठ पत्र्यात अशी बुजवून बसविली आहे की दिसूच नये. बोटाने कळ दाबली की ती बाहेर येते. छप्पर कापडी, हाताने मागे दुमडावयाचे, आणि दुमडल्यावर एका झाकणाखाली दडून जाणारे.

तिचे दोषही पुतण्याने काही लपविले नाहीत. सकाळी यंत्र थंड असता सुरू केले की काही वेळ ते डिझेलच्या ट्रकासारखे खडखडते, कारण झडपांची वेळ मागेपुढे करणारा एक भाग झिजतो. दातेरी पट्टा कारखान्याने सांगितलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी बदलावा लागतो. न बदलला आणि तुटला तर सगळे इंजिनच जाते. धूर बाहेर नेणाऱ्या नळीस तडे जातात. कापडी छपराच्या मागील बाजूची पारदर्शक खिडकी धुरकट होते आणि थंडीत दुमडली तर फाटते. थोडक्यात, निगा ठेवील त्याच्यापाशी राहणारी आणि न ठेवील त्यास आठवड्यात धडा देणारी अशी ही वस्तू आहे. शौकीन मंडळी तिच्याबद्दल आणखी एक खोच मारतात : तिचा खालचा सांगाडा फियाटच्या पुंटो नामक सामान्य घरगुती मोटारीचा आहे. अशा मोटारींना तिकडे ‘आधुनिक अभिजात’ म्हणतात. अभिजात या शब्दाचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला असा आहे, आणि हिची आई तर पुंटो! पण कुळाची चौकशी इतकी खोल नेली तर पुष्कळ अभिजातांची पंचाईत होईल, म्हणून तो विषय सोडतो.

आता भावाच्या रागाकडे वळू. तो राग खर्चाचा होता काय? मला प्रथम तसेच वाटले. परंतु त्याच महिन्यात आमच्या आळीत एका गृहस्थाने याच्या तिप्पट किमतीची नवी, उंच, पांढरी मोटार घेतली. आमच्या रस्त्यावर ती वळतही नाही. समोरून रिक्षा आली की दोघांपैकी एकास मागे जावे लागते. माझा भाऊ स्वतः पेढे खाऊन आला, नारळ फोडताना हजर राहिला, आणि ‘चांगली घेतली हो’ असे म्हणाला. तेव्हा खर्च हा गुन्हा नव्हता. दिखाऊपणा हाही नव्हता, कारण दिखाऊपणास पेढे मिळाले होते. गुन्हा हा होता की पैसे देऊन जुने घेतले.

हे कळावयास आमच्या पिढीचा इतिहास कळला पाहिजे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ‘अकराशे’ जातीच्या मोटारी निघू लागल्या. पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी तेव्हा ती मिळे. मिळाली की ती बदलण्याचा विचार कोणी करीत नसे, कारण बदलून घ्यावयाचे काय? युरोपात जिचे उत्पादन थांबून एक पिढी लोटली ती मोटार आम्ही नवी म्हणून घेत होतो आणि जुनी झाली तरी नवी समजून वापरीत होतो. मिस्त्री तारेने बांधी, टाकीच्या भोकास साबण लावी, गाडी परत चाले. या दुरुस्तीत कौशल्य होते, पण निवड नव्हती. आमच्या पिढीला जुने हे दैवाने दिलेले होते. त्यातून सुटका झाली ती आमच्या डोळ्यांदेखत, आणि सुटकेची खूण म्हणजे नवी वस्तू. अशा माणसास त्याचाच मुलगा सुटकेनंतर आपण होऊन जुन्याकडे जाताना दिसला तर त्यास आपल्या कष्टांची थट्टा झाल्यासारखी वाटते. गरिबीत जोंधळ्याची भाकरी खाल्लेल्या म्हाताऱ्यास श्रीमंत हॉटेलात तीच भाकरी मोठ्या किमतीस विकताना पाहून जे वाटते, तेच हे. हा राग मी चूक म्हणणार नाही. पण तो नीतीचा निर्णय नव्हे, हे मात्र म्हणेन.

दुसरा आक्षेप भावाचा नव्हे, माझा होता, आणि तो मला अधिक भक्कम वाटत होता. हा मुलगा रत्नागिरीत वाढला. १९९५ साली ही मोटार इटलीच्या रस्त्यांवर आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि आमच्याकडे कोकण रेल्वेही अजून धड आली नव्हती. जर्मन वा इटालियन माणूस ही मोटार घेतो तेव्हा तो आपले तारुण्य परत विकत घेतो असे समजता येईल. याने कोणाचे तारुण्य विकत घेतले? दुसऱ्याच्या आठवणी पैसे देऊन अंगावर घालणे यात काहीतरी खोटे नाही काय? जुन्या बाजारातून दुसऱ्याच्या आजोबांचे तैलचित्र आणून दिवाणखान्यात लावावे, तसा हा प्रकार.

या आक्षेपाचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा जो तो गाथासप्तशतीचे नाव घेऊ लागला. हाल सातवाहनाच्या नावाने चालत आलेला हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह आपल्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून सगळ्यांनी पुढे केला, आणि तो योग्यच होता. पण एकोणिसाव्या शतकात त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली कोणी? आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने, १८७० पासून १८८१ पर्यंत, जर्मनीत बसून. गोदाकाठच्या त्या शेतांशी आणि त्या पाणवठ्यांशी वेबरचा काय संबंध? त्याच्या बालपणाची एकही आठवण त्या गाथांत नव्हती. त्यास त्या आवडल्या आणि त्या जपण्याची विद्या त्याच्यापाशी होती, एवढाच संबंध. तो आपल्याला पुरेसा वाटतो. किंबहुना त्याबद्दल आपण कृतज्ञ असतो. मग रत्नागिरीच्या मुलास एका इटालियन वस्तूची आकृती आवडली आणि ती चालती ठेवण्याची विद्या त्याच्या हातात आहे, यात आपण खोटेपणा का शोधावा? आठवणीवाचूनचे प्रेम कदाचित अधिक निर्मळही असेल, कारण त्यात स्वतःविषयीची हळहळ मिसळलेली नसते.

मोटार आणि गाथासप्तशती यांस एका पंक्तीस बसविल्याबद्दल विद्वान रागावतील. त्यांची योग्यता एक आहे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे काळाविषयी आहे. कोणतीही वस्तू उपयोगाची असते तोवर तिला धनी असतो. फार पुरातन झाली की तिला सरकार, संग्रहालय आणि विद्वान मिळतात. या दोहोंच्या मध्ये एक लांब पट्टा असतो, त्यात ती नुसती जुनी असते. तिची कोणास गरज नसते आणि कोणास प्रौढीही नसते. नाश होतो तो या मधल्या काळात. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे वाड्यांच्या माळ्यांवर उंदरांनी खाल्ली ती याच काळात. इतिहासाचार्य राजवाडे यांचे मोठेपण हे की तो काळ संपण्याच्या आत ते गावोगाव फिरले. हस्तलिखिताच्या बाबतीत हा मधला काळ शेकडो वर्षांचा असतो, यंत्राच्या बाबतीत वीसपंचवीस वर्षांचा, फरक एवढाच.

आणि हा काळ किती लांब धरावयाचा, हे देशोदेशीचे कायदे ठरवीत असतात ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जर्मनीत मोटारीस तीस वर्षे झाली, तिची स्थिती चांगली असली आणि ती बहुतांशी मूळ रूपात असली, तर तज्ज्ञाने तपासल्यावर तिच्या नोंदणीपाटीवर शेवटी ‘एच’ हे अक्षर लावण्याची परवानगी मिळते. ही पद्धत १९९७ पासून आहे. त्या कायद्याच्या भाषेत अशी मोटार ही राष्ट्राच्या यांत्रिक संस्कृतीचा ठेवा असते. पुतण्या ‘आश्विनात तीस वर्षे’ म्हणाला त्याचे इंगित हे होते. इकडे मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षे ठरलेले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून ती काळी-पिवळी आकृती कायद्याने नाहीशी झाली. तीच फियाट; एका गावी तीस वर्षांनी ठेवा, दुसऱ्या गावी वीस वर्षांनी भंगार. टॅक्सी ही पोटासाठी धावणारी, तिच्या धुराचा व सुरक्षिततेचा प्रश्न निराळा, हे मान्य आहे. तथापि त्या दिवशी पुष्कळ मुंबईकरांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आदल्या दिवसापर्यंत त्यांतले बहुतेक तिच्यात बसण्याचे टाळीत होते, हेही खरे आहे.

आपल्याकडेही जुन्या मोटारींसाठी २०२१ साली केंद्राने नियम केले. पन्नास वर्षे झालेल्या, मूळ रूपातील खासगी मोटारीस निराळी नोंदणी मिळते, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण ती मोटार रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. हे वाचून मला आमच्या थिबा राजवाड्याची आठवण झाली. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी तो बांधला, १९१० साली राजा तेथे राहावयास गेला आणि १९१६ साली वारला. आज तेथे वस्तुसंग्रहालय आहे. पाहुण्यांस मी तेथे नेतो, इमारत सुंदर आहे, तरी तेथून परतताना मन खिन्न होते. जपलेले सर्व आहे, पण कोणी राहत नाही. जी वस्तू चालण्यासाठी केली तिला चालू न देणे हे जपणे म्हणावे काय? पुतण्याची मोटार दर रविवारी चालते, वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर. धुराचा हिशेब मी त्यास विचारला. तो म्हणाला, रोज कामावर ट्रामने जातो. नवी मोटार घडविण्यात जे पोलाद आणि जो कोळसा जातो तो या मोटारीपुरता १९९५ मध्येच जाऊन चुकला आहे. हा हिशेब पुरता निर्दोष नाही, पण शेजारच्या पांढऱ्या मोटारीच्या हिशेबाहून वाईटही नाही.

येथे एक भेद केला पाहिजे, कारण या नावाखाली दोन अगदी निराळ्या जातींचे लोक वावरतात. पुष्कळांस ‘आधुनिक अभिजात’ मोटार हवी असते ती किंमत चढेल म्हणून. ते ती कापडाखाली झाकून ठेवतात, मैलांचा आकडा वाढू देत नाहीत, आणि दर सहा महिन्यांनी बाजारभाव पाहतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण त्यांनी आपल्यास जुन्याचे रक्षक म्हणवू नये. तांदूळ कोठारात भरून दुष्काळाची वाट पाहणारा धान्याचा रक्षक होत नाही. मी पुतण्यास सरळ विचारले, “उद्या हिची किंमत निम्मी झाली तर?” तो म्हणाला, “काका, मग दुसरी घेईन, सुट्या भागांसाठी.” या उत्तराने माझा निकाल बराचसा फिरला, हे कबूल करतो.

सुट्या भागांचे नाव निघाले म्हणून एक जुना वाद आठवतो. मिलिंद राजा रथातून आला तेव्हा भिक्षू नागसेनाने त्यास विचारले : दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येकास राजाने नाही म्हटले, आणि रथ हे केवळ नाव आहे असे निष्पन्न झाले. पुतण्याच्या मोटारीचा पट्टा बदललेला, झडपांचा तो खडखडणारा भाग बदललेला, छपराचे कापड बदललेले. तिच्यात १९९५ चे काय उरले? आमच्या मिरकरवाडा बंदरातील कोणाही नाखव्यास हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. दर पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढतात, सडलेली फळी काढून नवी बसवितात, सांधे भरतात, तेल पाजतात. नारळी पौर्णिमेस तीच होडी पुन्हा पाण्यात जाते. ती तीच का, असे कोणी विचारीत नाही, कारण तिची निगा मध्ये तुटलेली नाही. फळ्या बदलणाऱ्यास माहीत असते की आपण कोणत्या होडीची फळी बदलीत आहोत. नागसेनाचा सिद्धान्त आत्म्याविषयी होता आणि तेथे तो गहन आहे. होड्यांपुरते मला नाखव्याचे मत ग्राह्य वाटते.

आणि येथेच मला आमच्या घराची गोष्ट बोलणे भाग आहे.

घर चिऱ्याचे आहे. ओटी, पडवी, माजघर, मागे खळे. वर मंगळुरी कौले. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, आणि तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. पूर्वी दर वैशाखात शाकारणी होई. कौले उतरवून झाडीत, फुटकी बदलीत, वासे तपाशीत, आणि आजोबा खाली उभे राहून प्रत्येक फुटक्या कौलाबद्दल एकेक शिवी देत. त्या घरातही मूळचे कौल एखादेच उरले असेल. तरी ते घर तेच होते. ते घर तेच राहावयाचे थांबले ते केव्हा, याचा मी विचार करू लागलो तेव्हा वाळवीपाशी येऊन थांबलो नाही. सातबाराच्या उताऱ्यापाशी येऊन थांबलो. त्यावर आज अकरा नावे आहेत. दोन पुण्यास, तीन मुंबईस, एक बडोद्यास, एक अमेरिकेत. आणि गावात आम्ही चौघे. कोणी वासा बदलावा म्हटले की दुसरा विचारतो, ‘खर्च वाटून कसा घेणार?’ कोणी वाटून घेऊ म्हटले की तिसरा म्हणतो, ‘मी तर येतही नाही.’ अकरा जणांच्या हक्काची वस्तू अकरा जणांच्या जबाबदारीची होत नाही, ती कोणाच्याच जबाबदारीची होत नाही, हे मी पंचवीस वर्षे पाहत आलो आहे. आणि त्या अकरांत एक नाव माझे आहे. मी दरवर्षी श्रावणात माजघरात मांडलेली पातेली पाहून हळहळलो आहे. पैसे मात्र दोनदाच दिले, तेही पडवीपुरते.

आपल्या शास्त्रांनी मनुष्यास जन्मतः तीन ऋणे सांगितली आहेत. त्या न्यायाने पुतण्यावर घराचे ऋण आहे आणि मोटारीचे नाही. घराने त्यास वाढविले, मोटारीने त्याचे काहीच केलेले नाही. ऋण फेडल्यावाचून हौस करू नये, हे माझ्या मूळ निकालाचे शेवटचे कलम होते आणि ते मला अजूनही पुरते टाकवत नाही. परंतु ऋण फेडावयाचे तर धनको कोण ते ठाऊक पाहिजे. त्याने सात लाख पाठविले असते तर ते कोणाच्या हाती गेले असते? अकरांपैकी कोणाची संमती लागली असती? त्याच्या पैशाने नवे छप्पर झाले असते आणि पुढील वैशाखात त्याखाली उभे राहून शिव्या देण्यास कोणीही नसते. आम्ही त्यास ऋण वारशाने दिले. ते फेडण्याचा रस्ता मात्र आम्हीच, थोरल्यांनी, भांडणांनी व आळसाने बुजवून ठेवला. तेव्हा त्याने आपली जपण्याची ओढ जेथे एकट्याच्या हाताने काही करता येईल अशा ठिकाणी नेली, याचा दोष त्याच्या एकट्याच्या खात्यावर मांडणे न्याय्य नव्हे. तो दोषमुक्त आहे असेही मी म्हणत नाही. रविवारी मोटारीखाली पाठीवर पडून राहणाऱ्या माणसास सहभागीदारांना अकरा पत्रे लिहिण्याइतका वेळ असतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमच्या वडिलांची एक फियाट होती, अकराशे जातीची, सुकाणूच्या दांड्यास गिअरची मूठ असलेली. ते गेल्यावर ती फणसाखाली उभी राहिली. खाऱ्या वाऱ्याने तिचा तळ सडला, टपावर फणसाची पाने कुजली, कोंबड्या आत अंडी घालू लागल्या. १९९७ साली मी भंगारवाल्यास बोलाविले. भाऊ म्हणाला, “दादा, एक वर्ष थांब, मी करतो हिला.” मी थांबलो नाही. जागा अडली होती, आणि मला तेव्हा ते व्यवहारज्ञान वाटले. गाडी वजनावर गेली. ट्रकवर चढविताना तिचे एक दार गळून पडले ते भावाने उचलून ठेवले. ते पुष्कळ वर्षे मांगरात होते. पुतण्या तेव्हा आठ वर्षांचा. त्या न चालणाऱ्या मोटारीत बसून, दोन्ही हातांनी सुकाणू धरून, तो रोज संध्याकाळी मुंबईस जाऊन येत असे. ट्रक गेल्यावर त्याने विचारले होते, आता ती कोणाकडे गेली? मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. त्याला आठवते किंवा नाही, हे विचारण्याचे मला अजून धैर्य झालेले नाही. मात्र मघाशी मी त्याच्या प्रेमास आठवणीवाचूनचे म्हटले, ते बहुधा घाईचे झाले.

आश्विनात मोटारीस ते अक्षर मिळाले. तपासणाऱ्याने ती उचलून खालून पाहिली, प्रत्येक सांध्यावर टकटक केली आणि कागदावर शिक्का मारला. पुतण्याने त्याचेही छायाचित्र पाठविले. दिवाळीत तो दहा दिवस आला तेव्हा आम्ही तिघांनी मिळून अकरा नावांची यादी समोर घेतली. सहा जणांनी होकार दिला आहे, दोघांनी वकिलाचा पत्ता दिला आहे, तिघांचे उत्तर नाही. माझा हिस्सा मी सुताराकडे भरला. तो पुरा पडणार नाही, पण माजघरावरचे वासे या वैशाखात बदलता येतील.

निघण्याच्या आदल्या रात्री भाऊ ओटीवर मुलाशेजारी बसला होता. मोटारीचा विषय त्याने सात महिन्यांत एकदाही काढलेला नव्हता. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “तळाचा पत्रा नीट पाहिलास ना? फियाटचा तळ आधी जातो.”

“पाहिला, बाबा. चांगला आहे.”

“आणि ते कापड? पाऊस लागला तर गळत नाही?”

“गळते,” मुलगा म्हणाला. “डाव्या कोपऱ्यातून. मी तिथे एक वाटी ठेवतो.”